पुढाऱ्याचा हिशेब आणि आपला हिशेब

गटाच्या बैठकीत आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येतं, "राजकारणात सगळेच स्वार्थी. आपण त्यात कशाला पडायचं?" आज या वाक्यावरच बोलू या.

जेम्स बुकॅनन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञांना १९८६ साली नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाजारात माणूस जसा आपला फायदा-तोटा बघतो, तसाच तो सरकारी खुर्चीत बसल्यावरही बघतो. खुर्ची मिळाली म्हणून कोणी संत होत नाही. पुढारी मतं मोजतो, अधिकारी बदली आणि बढती बघतो.

आणि आपण? आपणही हिशेबच करतो. ग्रामसभेला गेलं तर दिवसाची मजुरी बुडते. नाही गेलं तरी गावात नळ आला तर तो आपल्या दारातही येणारच. मग जाऊ दे की दुसरीला! प्रत्येकीनं असं ठरवलं की सभेत बाई दिसत नाही. आणि जी दिसत नाही, तिला पुढारी मोजत नाही.

उलट ज्यांचा फायदा मोठा असतो, ते चार जण असले तरी कचेरीत रोज हजर असतात. म्हणून फायदा थोड्यांचा पण भरघोस, आणि तोटा पुष्कळांचा पण थोडाथोडा असला, की बहुतेक वेळा थोडेच जिंकतात.

आपल्या खानापूर तालुक्यातच बघा. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. ठेकेदाराला रोख पैसा, सरकारला महसूल. पण वाळू गेली की पाणी मुरत नाही, विहिरींचं पाणी खोल जातं. हा तोटा घरोघरी वाटला गेलेला. एकट्या शेतकऱ्यानं त्यासाठी कचेरीत किती हेलपाटे घालायचे?

१९८० नंतरच्या दुष्काळी वर्षांत हे चित्र पालटलं. बलवडी आणि तांदुळवाडीचे लोक मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. डॉ. भारत पाटणकर त्यांच्यासोबत होते. वाळू आमच्या नदीची, तर तिचा पैसा आमच्या धरणाला लागू दे, अशी त्यांची मागणी होती. थोडी वाळू विकून आणि श्रमदान करून त्यांनी बळीराजा स्मृती धरण उभं केलं.

यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट पुढेच आहे. पाण्याचा वाटा भूमिहीन कुटुंबांनाही ठेवला. ज्याला पाणी मिळणार नाही, तो घाम कशाला गाळेल? प्रत्येक घराचा स्वार्थ धरणात गुंतवला, म्हणून गाव एक झालं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पाणी आणि जंगल सांभाळणाऱ्या गावांचा असाच अभ्यास केला. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. लोक स्वतः नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि नियम मोडणाऱ्याला दंड करतात, तिथे सगळ्यांच्या मालकीची वस्तूही टिकू शकते, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्या गटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. गट नुसत्या मायेवर चालत नाही, नियमांवर चालतो. परतफेड केली तर पुढचं कर्ज मिळतं, हे प्रत्येकीला ठाऊक असतं.

हीच रीत ग्रामसभेला लावू या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असं आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. प्रत्येक गटानं दोघींना पाठवायचं. त्यांची बुडालेली मजुरी बाकीच्यांनी वर्गणी काढून भरायची. पुढच्या सभेला दुसऱ्या दोघी. मागणी एकच ठेवायची, पाणी म्हणा, रस्ता म्हणा. ती कागदावर लिहून, सह्या करून द्यायची आणि इतिवृत्तात नोंद झाली का, ते वाचून बघायचं.

पुढाऱ्यानं हिशेब करू नये, असं आम्ही म्हणत नाही. तो करणारच. त्याच्या हिशेबात एकटी बाई म्हणजे एक मत. दहा गटांच्या बायका एकच मागणी घेऊन गेल्या, तर त्याला बेरीज नव्यानं मांडावी लागते. ती त्याला मांडायला लावणं, हे आपलं काम आहे.