राखणीच्या जुन्या कुत्र्याला नवा सोबती

मळ्यावर वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी कुत्रा हा हौसेचा विषय नसून राखणीचा आधार असतो. उभ्या पिकात शिरणारी रानडुकरे, गोठ्याभोवती घुटमळणारा बिबट्या, रात्री-अपरात्री येणारे परके माणूस, या सर्वांची पहिली वर्दी तोच देतो. आठ-दहा वर्षांचे वय झाले म्हणजे मात्र त्याचे कान मंदावतात, दृष्टी अधू होते, मागचे पाय आखडतात आणि घरात दुसरा, तरणा कुत्रा आणण्याची गोष्ट निघते. विचार योग्यच आहे. जुना हयात असतानाच नवा आणला, तर घरचे कोण व परके कोण, वस्तीची हद्द कोठवर, हे तो जुन्याच्या मागे राहून पाहता पाहता शिकतो. परंतु त्याला घरात आणण्याची आपली रीत बहुधा चुकीची असते.

बाजारच्या दिवशी घरधनी पिलू पोत्यात घालून आणतो, अंगणात सोडतो आणि जुन्याच्याच परळात भाकरी कुस्करून त्याच्यापुढे ठेवतो. जुना गुरगुरतो. त्याबद्दल त्याला काठी बसते. तो त्या दिवशी गप्प राहतो खरा. परंतु नवा जवळ आला की आपल्याला मार मिळतो, एवढेच त्याच्या ध्यानात राहते. प्रस्तुत लेखकाच्या घरीही हेच घडले होते. म्हाताऱ्या कुत्रीला गुरगुरण्याबद्दल दोनदा मार बसला. तिसऱ्या वेळी तिने तोंडातून आवाजही न काढता पिलाचा कान फाडला. दोष तिचा नव्हता. ‘दूर हो’ असे सांगण्यासाठी कुत्र्यापाशी गुरगुरणे हीच भाषा आहे. ती मारून बंद केली, तर पुढे सूचनेवाचून दात लागतो. म्हणून जुना गुरगुरला की त्याला शिक्षा न करता नव्याला हाक मारून बाजूला घ्यावे.

पिलू आणावयाचे ते दोन महिन्यांचे झाल्यावरच आणावे. आई व भावंडे यांच्या सहवासात ते दात किती लावावा आणि कोठे थांबावे हे शिकते. डोळे उघडताच उचलून आणलेल्या पिलाला ती समज राहत नाही. आणल्यावर पहिले दोन आठवडे त्याला जुन्यापासून वेगळे, गोठ्याच्या दुसऱ्या अंगास ठेवावे. पार्व्हो किंवा डिस्टेंपर यांसारखा रोग अंगात असल्यास तो बहुधा या मुदतीत प्रकट होतो. जंतांचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त व लसी यांविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. रेबीजची लस पिलाला तीन महिन्यांच्या वयात टोचतात. जुन्याची लस चुकली असल्यास तीही याच वेळी उरकावी. या मुदतीत पिलू निरोगी दिसत असल्यास शेवटच्या दोन-चार दिवसांत एकाच्या अंगाखालचे गोणपाट दुसऱ्याच्या जागी टाकावे. तोंडओळखीपूर्वी वासाची ओळख झालेली बरी.

पहिली भेट अंगणात मुळीच घडवू नये. अंगण जुन्याच्या राखणीचे असते आणि तेथे शिरणारा नवा प्राणी त्याला चोरच वाटतो. गावातील कुत्री जेथे फिरकत नाहीत अशा मोकळ्या रानात दोन माणसांनी दोघांना वेगवेगळ्या साखळीने न्यावे आणि वीस-पंचवीस पावलांचे अंतर ठेवून एकाच दिशेने चालवावे. साखळी ढिली असावी. ती ताणली की कुत्रा अधिकच चिडतो. दोघे शांतपणे चालू लागले की अंतर थोडे थोडे कमी करावे. अंगे सैल राहून शेपट्या हलत असतील, तर क्षणभर वास घेऊ द्यावा व पुन्हा चालू लागावे. अंग ताठ, शेपटी उभी, नजर रोखलेली असे दिसल्यास त्या दिवसापुरते तेथेच थांबावे. कोणाला हे दोन दिवसांत साधते, कोणाला महिना लागतो.

घरी आल्यावर भांडणाची खरी मुळे दोन: अन्न आणि जागा. दोघांची परळे एकमेकांच्या दृष्टीआड ठेवावीत, जुन्याला आधी वाढावे आणि खाणे आटोपताच परळे उचलावीत. घरी मटण झाले म्हणजे हाडे अंगणात फेकण्याची सवय पुष्कळांना असते, ती सोडावी. जुन्याच्या नेहमीच्या निजण्याच्या जागी नव्याला जाऊ देऊ नये. सांधे दुखणाऱ्या प्राण्याला पिलाची धसमुसळी सोसत नाही, म्हणून दिवसातून काही वेळ पिलाला बांधून जुन्याला विसावा द्यावा. मात्र जुन्याला बांधून पिलू मोकळे ठेवू नये. ज्याला दूर जाता येत नाही, त्याला चावण्याखेरीज मार्ग उरत नाही.

एवढे करूनही कधी जुंपलीच, तर मध्ये हात घालू नये. मुलांना तर जवळही येऊ देऊ नये. बादलीभर पाणी टाकावे, किंवा दोघांमध्ये फळी अगर घोंगडी सारावी. कोणास दात लागल्यास, कुत्रा घरचा असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तीवर हळद, चुना वा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

पिलू लहान असेतो जुना त्याचे पुष्कळ खपवून घेतो. ते वर्ष-दीड वर्षाचे होऊन अंगाने भरले की कुरबुर नव्याने उठू शकते आणि घरमालकास तिचे नवल वाटते. नर व मादी अशी जोडी सहसा लवकर जमते. दोन माद्यांचे वैर मात्र जडले तर सहजी मिटत नाही. नर-मादी ठेवावयाची असल्यास वेळीच नसबंदी करून घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लसीकरणाच्या शिबिरात नवे पिलू घेऊन आलेल्या माणसाला घरी जुना कुत्रा आहे काय, हे आवर्जून विचारावे. असल्यास पिलू रात्री कोठे बांधणार, हेही विचारून घ्यावे.