जुन्या पद्मिनीचे पुढचे सस्पेन्शन घरच्या घरी

मुंबईची काळी-पिवळी फियाट टॅक्सी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. पेशंट घेऊन केईएमला किंवा टाटा हॉस्पिटलला जाताना तिच्यात बसलेलेही पुष्कळ असतील. या गाडीचे उसाशी असलेले नाते मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. रावळगाव आणि वालचंदनगर येथे साखर कारखाने उभे करणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या गाडीचे भारतीय रूप तयार होई. तीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता उरल्या आहेत त्या हौसेने सांभाळलेल्या घरगुती गाड्या.

अशी एक गाडी गोरेगावजवळ आरे कॉलनीत आहे. शहरातले गोठे बाहेर हलवून ही दूध वसाहत वसवली गेली आणि १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. गोरेगावहून पवईकडे जाणारा तिथला रस्ता पावसाळ्यातल्या खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षे गाजला. गाडीचे मालक आपल्याच भागातले, नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेले. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, आणि त्या वेळी आर.टी.ओ.त गाडी तपासतात. यांच्या गाडीचे पुढचे चाक डुगडुगत होते. गाडी भंगारात घालायची की दुरुस्त करायची, एवढाच प्रश्न होता. त्यांनी मुलाला हाताशी धरून दोन रविवारांत घरासमोरच काम काढले. त्यातून आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे.

आधी दोष ओळखा

पद्मिनीच्या मागे पाटे आहेत; पुढे मात्र प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, कॉइल स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर. चाक ज्या खुंट्यावर वळते तो किंगपिन. त्याचे बुश झिजले की चाक डुलते, टायर एका बाजूने खातो आणि स्टिअरिंग हाताला झटके देते.

तपासणी सोपी आहे. चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरावे, आत-बाहेर हलवावे. खटखट लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. खटखट थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिनचा किंवा आर्मच्या बुशांचा. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर ढिलाई दिसली, तर टायरॉडचे सांधे बघावेत.

स्प्रिंगशी खेळ नको

या कामात जिवाला धोका आहे तो स्प्रिंगचा. गाडीचे वजन पेलणारी ही स्प्रिंग कायम दाबलेली असते. आर्मचा बोल्ट एकदम काढला तर ती उसळून हात मोडते. डोक्याला लागली तर माणूस जायचा. म्हणून मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडी भक्कम घोडीवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. स्प्रिंगचा जोर ज्या आर्मवर येतो त्याखाली दुसरा जॅक दिला, स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळली, मगच बोल्ट सैल केले. ब्रेकच्या होजपाइपवर वजन लोंबकळू दिले नाही. सुटा भाग तारेने वर बांधून ठेवला.

त्यांनी आणखी एक शहाणपण केले. एका वेळी एकच बाजू उघडली. कुठला वायसर कुठे होता याचा घोळ झाला की दुसऱ्या बाजूला जाऊन बघायचे. पातळ शिम निघाले ते मोजून, खूण करून वेगळ्या डब्यात ठेवले. चाकाचा कल त्यांवरच ठरतो.

घरचे काम आणि लेथवाल्याचे काम

सगळे भाग डिझेलने धुतल्यावर खरे कारण दिसले. ग्रीसच्या निपलमध्ये माती घट्ट बसली होती, आत ग्रीसचा थेंबही पोचला नव्हता. किंगपिन एका अंगाने घासला होता. नवे बुश घरी हातोड्याने ठोकून बसवायचा मोह त्यांनी आवरला. वरचा-खालचा बुश एका रेषेत हवा, त्यासाठी प्रेसने बसवून रिमर मारावा लागतो. ते काम लेथवाल्याकडेच दिले. बुशचे भोक निपलच्या भोकासमोर आले की नाही, हे मात्र स्वतः तपासले. ते चुकले तर वर्षभर ग्रीस मारूनही आत काही जात नाही.

जोडताना फाट्याच्या पिना सगळ्या नव्या घातल्या. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शेवटी अलाइनमेंट करून घेतली. चाकाची डुगडुग गेली, आणि तपासणीत गाडी पास झाली.

आपल्या ट्रॅक्टरचे काय?

ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलला बहुधा स्प्रिंग नसते, पण चाक वळण्याचा खुंटा, त्याचे बुश आणि मधली पिन असतेच. चिखल, पाचट आणि भरलेल्या ट्रेलरचा ताण सोसून ते आरेतल्या गाडीपेक्षा लवकर झिजतात. भर हंगामात उसाचे ट्रेलर जोडलेले असताना पुढचे चाक निखळले तर नुसता ट्रॅक्टर मोडत नाही. ऊस वाटेवर वाळतो, आणि ड्रायव्हरच्या जिवावर बेतते.

तेव्हा गळीत सुरू होण्याआधी एक दिवस काढा. चाक उचला, हलवून बघा. निपल पुसून ग्रीसगन लावा, आणि जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत मारा. निपल ग्रीस घेत नसेल तर तो बदला, तसाच सोडू नका. बुशचा खर्च आज परवडतो. मोडलेल्या ॲक्सलचा हंगामात परवडत नाही.