ठाणे जिल्ह्यातली गावं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गावाच्या लोकसंख्येवर अंगणवाडी, ग्रामपंचायतीतल्या राखीव जागा आणि योजनांचा निधी ठरतो. म्हणून हा आकडा नीट समजून घ्यायला हवा.

गैरसमज: ठाणे जिल्ह्यात आता गावं उरलीच नाहीत.
वस्तुस्थिती: २०११मध्ये अविभाजित ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १,१०,६०,१४८ लोकांपैकी सुमारे ७७ टक्के शहरी होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, तरी शहापूर आणि मुरबाड हे तालुके आजही मुख्यतः ग्रामीणच आहेत. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणं शहापुरात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

गैरसमज: ग्रामपंचायत आहे, म्हणजे जनगणनेतही ते गावच.
वस्तुस्थिती: किमान ५,००० लोकवस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर असतील, तर जनगणना त्या गावाला नगर धरते. डोंबिवलीजवळचं निळजे २०११मध्ये असंच नगर ठरलं. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३मध्ये महापालिकेत आली, २००२मध्ये वगळली गेली आणि २०१५मध्ये पुन्हा घेतली गेली. त्यामुळे दोन जनगणनांची तुलना करण्याआधी हद्द तपासावी.

गैरसमज: गाव म्हणजे गावठाण.
वस्तुस्थिती: महसुली गावाच्या एकाच आकड्यात कुणब्यांचं किंवा आगऱ्यांचं गावठाण येतं, तसे ओढ्यापलीकडचे ठाकरांचे आणि कातकऱ्यांचे पाडेही येतात. गावाच्या सरासरीत पाड्याची अवस्था झाकली जाते.

गैरसमज: कोळी म्हणजे आदिवासी, आणि आदिवासी सगळे सारखेच.
वस्तुस्थिती: महादेव कोळी आणि मल्हार कोळी अनुसूचित जमातीत आहेत, किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. वारली, ठाकर, कातकरी या जमाती वेगवेगळ्या आहेत. त्यांतली कातकरी ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींपैकी एक. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी कोणत्या जातीचे किती लोक, हे २०११ची जनगणना सांगत नाही. सर्व जातींची शेवटची गणती १९३१ची आहे.

गैरसमज: जनगणनेचा आकडा म्हणजे गावातली सगळी माणसं.
वस्तुस्थिती: इथे सर्वाधिक नुकसान कातकऱ्यांचं होतं. दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली जाते. मग नवरा-बायको, लेकरं, भांडीकुंडी घेऊन कुटुंब भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातं. पावसाळा तोंडावर आला की परततं. २०११ची गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, म्हणजे ऐन भट्टीच्या हंगामात. पूर्ण काळ बाहेर असलेल्या माणसाची नोंद घरी होत नाही, तो असेल तिथे व्हावी असा नियम आहे. भट्टीवरच्या झोपडीपर्यंत प्रगणक पोहोचला नाही, तर ते कुटुंब कुठेच मोजलं जात नाही. पोहोचला, तरी ती माणसं भट्टीच्या गावात जमा होतात आणि पाड्याचा आकडा घटतो. पुढे जमातीच्या राखीव जागा याच आकड्याच्या प्रमाणात ठरतात.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा भट्टीचाच हंगाम. ग्रामपंचायतींनी स्थलांतरित कुटुंबांची यादी आधीच करावी आणि प्रत्येक वीटभट्टीवर प्रगणक जाईल, हे तहसील कार्यालयाने पाहावं. मोजलं जाणं हा त्या माणसांचा हक्क आहे.