वजिराचे मोल आणि यंत्राची परीक्षा

तारनाक्याच्या आमच्या घरी रविवारची जेवणे उरकली, की बुद्धिबळाचा पट मांडण्याचा प्रघात जुना आहे. अलीकडे पटाशेजारी संगणक आला आणि त्याबरोबर वादही आला. आमच्या वडिलांनी ज्या खेळीपुढे वहीत दोन उद्गारचिन्हे काढून ठेवली होती, तिला मुलांचा संगणक घोडचूक ठरवू लागला. वडील आज नाहीत. तेव्हा त्यांची बाजू मांडणे आम्हांस भाग होते.

ती खेळी रशीद नेझ्मेतदिनोव यांची. १९६२ साली रोस्तोव येथे चेर्निकोव यांच्याविरुद्ध बाराव्या खेळीस त्यांनी वजीर दिला आणि मोबदल्यात एक उंट व एक घोडा एवढेच घेतले. वजिराचे मोल नऊ प्याद्यांइतके आणि उंट-घोड्यांचे प्रत्येकी तीन मानतात. म्हणजे उघड तीनचा तोटा. समोर मात दिसत नव्हती. दिसत होती ती काळ्या राजाजवळची उघडी पडलेली काळी घरे आणि एकामागे एक अडकलेली दोन प्यादी. तेवढ्या भांडवलावर त्यांनी डाव जिंकला.

जुने प्रोग्रॅम मोहरे मोजण्यावर भर देत आणि ठरावीक खेळ्यांपर्यंतच पाहत. त्याग फळास येतो त्यापलीकडे; म्हणून त्यांना तो दिसत नसे. २०१७ साली डीपमाइंडच्या अल्फाझीरोने स्वतःशीच खेळून विद्या मिळवली आणि स्टॉकफिशविरुद्धच्या शंभर डावांत अठ्ठावीस जिंकले, एकही गमावला नाही. मोहरे देऊन दबाव राखणे हे त्याच्या खेळाचे वैशिष्ट्य ठरले. २०२० पासून स्टॉकफिशनेही शिकवून तयार केलेल्या जाळ्याचा आधार घेतला.

मात्र परीक्षा घेताना आम्ही प्रथम चुकलो. यंत्र ती खेळी सुचवते की नाही, एवढेच पाहत बसलो. मातीच्या कोड्याला एकच उत्तर असते. अशा त्यागाला ते नसते. मग वजीर दिल्यानंतरच्या स्थितीपासून दोन प्रोग्रॅम परस्परांशी खेळविले, बाजू बदलून, पुनःपुन्हा. शिवाय काळ्याची प्यादी सुस्थितीत मांडून तोच त्याग करता येईल, अशी दुसरी स्थिती रचली. तेथेही यंत्र वजीर देऊ लागले, तर त्याला मर्म कळले नाही असे समजावे.

जुन्या प्रोग्रॅमला रात्रभर विचार करू दिला, तेव्हा त्याचाही आकडा बराच निवळला. उद्गारचिन्हे दोन हवीत की एक, हा वाद घरात अजून चालू आहे. मात्र मुलांनी आता एक नियम मान्य केला आहे: आधी पटावर स्वतः विचार करावा, आकडा मागाहून पाहावा.