विश्लेषण : मॉडेल विमानाची मोटार, ईएससी, बॅटरी निवडायची कशी? हिशेब वजनापासूनच का सुरू करावा?

महिनाभर खपून सनबोर्डचे विमान तयार केले आणि पहिल्याच उड्डाणात नाकातून धूर निघाला! रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या छंदात नवख्यांवर ही वेळ येतेच. दोष अनेकदा बांधणीत नसतो. मोटार, तिचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर म्हणजेच ईएससी आणि बॅटरी यांचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ कसा बसवायचा?

सुरुवात कुठून करायची?

मोटारीपासून नव्हे, वजनापासून. बॅटरीसह, उड्डाणाला सज्ज असलेल्या विमानाचे वजन आधी ठरवा. शिकाऊ विमानाला किलोमागे साधारण १५० ते २०० वॅट शक्ती पुरते, कसरती करणाऱ्या विमानाला २५० ते ३५० वॅट लागतात.

उदाहरणादाखल एक किलोचे शिकाऊ विमान आणि २०० वॅट धरू. तीन सेलच्या लिथियम पॉलिमर, म्हणजे ‘लायपो’ बॅटरीचा व्होल्टेज ११.१ असतो. २०० भागिले ११.१ म्हणजे सुमारे १८ अँपिअर. पुढची सगळी खरेदी या एका आकड्यावर ठरते.

मोटारीवरचा ‘केव्ही’ म्हणजे काय?

हा किलोव्होल्ट नाही आणि मोटारीची ताकदही नाही. एका व्होल्टला मोटार भाराविना मिनिटाला किती फेरे घेईल, ते हा आकडा सांगतो. १००० केव्हीची मोटार ११.१ व्होल्टवर सुमारे ११ हजार फेरे घेईल. कमी केव्हीला मोठा प्रोपेलर आणि जास्त केव्हीला छोटा, असे साधे गणित आहे. आपल्या विमानाला ९०० ते १००० केव्हीची मोटार आणि ९ ते १० इंची प्रोपेलर चालतो. मात्र ती मोटार १८ अँपिअर सतत सोसणारी हवी.

प्रोपेलर एक इंचाने वाढवला तर?

इथेच घात होतो. फेरे तेवढेच राहिले, तर लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे ९ ऐवजी १० इंची प्रोपेलर लावला की मागणी दीडपट! प्रत्यक्षात फेरे थोडे उतरतात, तरी करंट बराच चढतो. प्रोपेलर तोच ठेवून तीनऐवजी चार सेलची बॅटरी जोडली, तर शक्ती दुपटीच्या घरात जाते.

ईएससी किती अँपिअरचा घ्यावा?

मोटार गरजेपुरताच करंट ओढते. ईएससीवरचा ३० अँपिअर हा आकडा ‘इतका देईन’ असे नव्हे, ‘इतका सोसेन’ असे सांगतो. त्यामुळे मोठा ईएससी घेतल्याने बिघडत काही नाही, फक्त काही ग्रॅम वजन वाढते. १८ अँपिअरसाठी ३० चा घ्या आणि त्याला वारा लागेल अशा जागी बसवा.

इथे पैसे वाचवू नका. छोट्या विमानांत रिसीव्हर आणि सर्व्होंनाही बहुधा ईएससीमधल्या ‘बीईसी’ सर्किटमधूनच वीज मिळते. नुसती मोटार बंद पडली तर विमान तरंगत खाली उतरवता येते. ईएससी जळाला तर रिमोटचा ताबाच सुटतो. मग विमान मैदानात पडेल की कुणाच्या डोक्यावर, हे आपल्या हातात राहत नाही.

बॅटरीवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

२२०० एमएएच, २५ सी असे लिहिले असेल तर २.२ गुणिले २५, म्हणजे कागदावर ५५ अँपिअर. छापील ‘सी’ अनेकदा फुगवलेला असतो, म्हणून गरजेच्या किमान दुप्पट आकडा पाहा. आपल्याला १८ हवेत, तेव्हा ही बॅटरी चालेल.

क्षमतेच्या ८० टक्केच वापरायचे ठरवले, तर पूर्ण थ्रॉटलवर जेमतेम सहा मिनिटे आणि सरासरी निम्म्या करंटवर अकरा-बारा मिनिटे मिळतात. टायमर नऊ मिनिटांचा लावा. जास्त वेळ उडावे म्हणून मोठी बॅटरी घेतली की वजन वाढते आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

उड्डाणापूर्वी काय तपासावे?

बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर जोडा, विमान घट्ट धरून ठेवा आणि काही सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. प्रोपेलरच्या समोर किंवा बाजूला कुणी उभे राहू नये. आकडा २२-२३ अँपिअरच्या पुढे गेला तर प्रोपेलर लहान करा. रिमोटची पहिली जुळवाजुळव प्रोपेलर काढूनच करा.

लायपो बॅटरी बॅलन्स चार्जरवर, २२०० एमएएचला २.२ अँपिअरने चार्ज करा आणि तोवर तिथून हलू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका, तिला आग लागू शकते. चार-सहा दिवस उडवायचे नसेल तर ती पूर्ण भरून न ठेवता प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा.

थोडक्यात, आधी वजन, मग वॅट, मग अँपिअर. दुकानात जायचे ते त्यानंतर.