खोकल्याची धास्ती आणि फोनवरची शिकवणी

आज अशा त्रासाबद्दल बोलायचं आहे, जो बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. खोकला आला, जोरात हसू आलं, कापसाचं गाठोडं उचललं की थोडी लघवी निसटते. मग लग्नाला जाणं टळतं, एसटीचा प्रवास टळतो. काही जणी पाणीच कमी पितात. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात हे धोक्याचं. शिवाय लघवी गडद झाली की मूत्राशयाची जळजळ वाढते.

मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखे स्नायू तोलून धरतात. बाळंतपण, पाळी जाणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ, जड ओझी यांनी ही झोळी सैल पडते. पण सैल पडलेला स्नायू व्यायामाने बळकट होतो. अमेरिकेतील डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले. गर्भपिशवी काढणं हा मात्र यावरचा इलाज नव्हे.

व्यायाम असा. वारा रोखताना आपण जसं आत ओढून घेतो, तसं ओढायचं, पाच सेकंद धरायचं आणि तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नये. किमान तीन महिने नेटाने करावं लागतं.

अडचण इथेच आहे. पुष्कळ जणी आत ओढण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्रास वाढतो. शिकवणारं कुणी हवं. पण धारणीहून अमरावती किंवा तेल्हाऱ्याहून अकोला दर आठवड्याला कोण गाठणार? इथे फोन कामी येतो. फिजिओथेरपिस्ट व्हिडिओवर बोलून श्वास, बसणं, मोजणी सुधारतात. त्यासाठी कपडे काढावे लागत नाहीत. एक खोली, बंद दार आणि कानात इअरफोन एवढं पुरतं.

स्वीडनमध्ये १२३ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मोबाइल ॲपच्या मदतीने तीन महिने व्यायाम केलेल्यांचा त्रास, उपचाराची वाट पाहणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला. त्या सगळ्यांना खोकताना, शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास होता. एकाएकी घाई होऊन दारापर्यंतही न पोचणं हा प्रकार वेगळा. त्याला मूत्राशयाची सवय बदलण्याचे उपचारही लागतात.

म्हणून आधी तपासणी करून घ्या. आपल्याकडे ई-संजीवनी ही सरकारी मोफत सेवा आहे; आरोग्य उपकेंद्रातूनही डॉक्टरांशी बोलता येतं. मात्र लघवीत रक्त, ताप, अंग बाहेर येणं, बाळंतपणानंतर सतत गळती किंवा पायात अशक्तपणा असेल, तर फोनवर विसंबू नका. थेट दवाखाना गाठा.

आशाताईंना, परिचारिकेला एवढंच सांगा, ‘ताई, खोकला आला की लघवी सुटते.’ हे वाक्य उच्चारणं सगळ्यात अवघड. पण उपचाराची सुरुवात तिथूनच होते.