गर्भाशय, ताण आणि कळा : दीडशे वर्षांचा मागोवा

एरवी मुठीएवढं असलेलं गर्भाशय दिवस भरेपर्यंत किलोभर वजनाचं होतं. त्याची भिंत अनैच्छिक स्नायूंची, आणि असा स्नायू ताणला की आकसायला बघतो. मग नऊ महिने ताणली जाणारी ही पिशवी मध्येच बाळाला बाहेर का ढकलत नाही? याचं उत्तर हळूहळू हाती येत गेलं.

1872 मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी नोंदवलं, की गरोदरपणात पोट मधूनमधून कडक होतं आणि पुन्हा सैलावतं. म्हणजे पिशवी निपचित पडून नसते. 1955 मध्ये एडिथ ब्यूलब्रिंग यांनी आतड्याच्या अशाच स्नायूवर दाखवलं, की ताण वाढला की पेशींतले विद्युत झटकेही वाढतात. पुढच्याच वर्षी आर्पाड चापो यांनी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन म्हणजे गर्भाशयाला आवर घालणारा हात असल्याचं मांडलं. 1977 मध्ये रॉबर्ट गारफिल्ड आणि सहकाऱ्यांना प्रसूतीच्या सुमारास स्नायूपेशींना एकमेकींशी जोडणारे सूक्ष्म दुवे दिसले. या दुव्यांमुळेच सुट्या पेशी एकदम आकसतात आणि कळ येते.

सगळ्यात बोलका प्रयोग 1997 चा, टोरांटोतल्या स्टीफन लाय यांच्या गटाचा. उंदराच्या मादीच्या गर्भाशयाला दोन शाखा असतात. त्यांनी एकाच शाखेत गर्भ राहू दिले. दोन्हींकडे रक्त तेच, हार्मोन्स तीच; तरी दुव्यांचं प्रथिन, कनेक्सिन-43, भरल्या शाखेतच वाढलं. रिकाम्या शाखेत नळी घालून ती ताणली, तर तिथेही वाढलं. प्रोजेस्टेरॉन चालू ठेवलं, तेव्हा मात्र ताणाचं काही चाललं नाही.

माणसात कळांआधी प्रोजेस्टेरॉनची रक्तातली पातळी उंदरांतल्यासारखी घसरत नाही. पेशींवरचा त्याचा अंमल ओसरतो, असं आज मानलं जातं. तोवर हाच ताण पेशींना लांब आणि जाड करत पिशवी वाढवत असतो. वाढवणारा आणि कळा आणणारा ताण एकच. फरक पडतो तो वेळेचा.

जुळी असतील किंवा गर्भजल जास्त असेल, तर ताण लवकर वाढतो आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचा धोकाही. अति ताणलेली पिशवी बाळंतपणानंतर नीट आकसली नाही, तर रक्तस्राव होतो. म्हणून जुळ्यांच्या आईचं पोट सदतिसाव्या आठवड्याआधी ठरावीक अंतराने कडक होऊ लागलं, तर घरी वाट पाहू नका. तिला लगेच दवाखान्यात न्या, आणि बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच करा.